सबाच्या दोन बागा : कृतज्ञता ही भावना की कृती?

आपल्या घरांतून दिवसभरात कितीतरी वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा शब्द उच्चारला जातो. जेवण झाले, शिंक आली, परीक्षेचा निकाल चांगला लागला, आजारी माणूस उठून बसला, की तो आपसूक ओठांवर येतो. ही सवय लहानपणापासून लागणे ही अल्लाहची मोठी कृपा होय. परंतु प्रिय वाचकहो, यातूनच एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावयास हवा. शब्द उच्चारला, मन क्षणभर भरून आले, एवढ्याने शुक्र पुरा होतो काय? कृतज्ञता ही मनात उमटून विरून जाणारी भावना आहे, की हातांनी पार पाडावयाचे काम आहे?

पवित्र कुरआनच्या 34 व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह सबामध्ये, या प्रश्नाचे उत्तर दोन वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून दिले आहे. पहिला वृत्तांत हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) यांचा. एकासाठी लोखंड मऊ करण्यात आले, दुसऱ्यासाठी वारा अधीन करण्यात आला. या देणग्या मोजून दाखविल्यानंतर दाऊद (अ.) यांच्या घराण्याला आदेश दिला गेला, तो शुक्र म्हणून काम करण्याचा, आणि कृतज्ञ दास थोडेच असतात, हेही त्याच आयतीत सांगितले गेले. त्यानंतर लगेच दुसरा वृत्तांत सुरू होतो, तो सबाच्या लोकांचा. पहिल्या वृत्तांतात कृतज्ञतेचा अर्थ आहे, दुसऱ्यात ती विसरणाऱ्यांची कहाणी आहे. ही कहाणी नीट समजण्यासाठी सबाची भूमी, तिचे पाणी आणि तिचे रस्ते डोळ्यांसमोर आणले पाहिजेत.

वाळवंटाच्या काठावरील राष्ट्र

अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात यमनचे उंच डोंगर आहेत. त्यांच्या पूर्वेला उतार संपतो तेथे रुबअल-खाली या अफाट वाळवंटाची सीमा सुरू होते. या सीमेवर मआरिब हे शहर वसलेले आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही. परंतु वर्षातून दोनदा डोंगरांवर पाऊस कोसळतो आणि वादी अधना या कोरड्या पात्रातून पुराचे लोंढे खाली येतात. काही तासांत येणारे आणि वाळूत जिरून जाणारे ते पाणी अडवून शेतांकडे वळविता आले तर जीवन आहे, न आले तर केवळ वाळू आहे. सबाच्या लोकांनी ते अडविले. हेच लोक ज्यांच्या राणीचा उल्लेख सूरह नम्लमध्ये येतो. दरबाऱ्यांशी विचारविनिमय केल्यावाचून निर्णय न घेणारी ती राणी, परंपरेनुसार हजरत बिल्कीस, हजरत सुलैमान (अ.) यांच्यासह जगाच्या पालनकर्त्यापुढे नतमस्तक झाली होती.

सबाची दुसरी शक्ती रस्त्यांत होती. द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जुफार आणि हजरमौत येथे, ज्या झाडांच्या सालीतून लोबान पाझरतो ती झाडे वाढतात. हिराबोळही दक्षिण अरबस्तानात होतो. मिसर, शाम, ग्रीस आणि रोम येथील मंदिरांना, राजवाड्यांना व वैद्यांना हे पदार्थ हवे असत. उंटांचे तांडे ते घेऊन शबवा, तिमना आणि मआरिब या राजधान्यांतून नजरानकडे, तेथून यसरिबच्या वाटेने हिज्रकडे आणि पुढे पेट्रा व गझ्झापर्यंत जात. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने तिमनापासून गझ्झापर्यंत उंटांचे 65 मुक्काम मोजले आहेत. वाटेत चाऱ्यासाठी, पाण्यासाठी, निवाऱ्यासाठी आणि जकातनाक्यांसाठी प्रत्येक उंटामागे 688 दीनार खर्च होत, असा हिशेबही त्याने दिला आहे. एवढा खर्च सोसूनही व्यापाऱ्याला नफा उरत असे, यावरून त्या मालाचे मोल आपण जाणू शकता.

या वैभवाची कीर्ती रोमच्या सम्राटापर्यंत पोहोचली. इसवी सनापूर्वी 25 च्या सुमारास ऑगस्टसने एलियस गॅलस या आपल्या अधिकाऱ्याला सैन्यासह दक्षिण अरबस्तानावर पाठविले. पाण्याची टंचाई आणि रोगराई यांनी ते सैन्य जर्जर होऊन परतले. बाहेरचा शत्रू सबाचा घात करू शकला नाही. घात झाला तो घरातूनच.

उजवी बाग, डावी बाग

कुरआनने सबाच्या वस्तीत एक निशाणी असल्याचे सांगितले आहे: उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन बागा. आज मआरिब येथे पुरातत्त्वज्ञांनी जे पाहिले आहे ते याच वर्णनाशी जुळते. वादी अधनाच्या दोन्ही तीरांना, उत्तरेस आणि दक्षिणेस, दोन विस्तीर्ण हिरवे पट्टे होते. त्यांना पाणी पुरविणारे धरण मातीचे होते. लांबी सुमारे 600 मीटर आणि दोन्ही टोकांना चिरेबंदी दरवाजे. हे दगडी बांधकाम आजही उभे आहे. पाणी वर्षभर साठवून ठेवणे हा त्या धरणाचा हेतू नव्हता. पुराची पातळी शेतांइतकी उंच करावयाची आणि पाटांच्या जाळ्यातून ते पाणी दोन्हीकडे वाटावयाचे, अशी त्याची रचना होती. सुमारे 9,600 हेक्टर जमीन त्यावर भिजत असे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ टिकली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पुराचे पाणी एकटे येत नसे, ते आपल्याबरोबर डोंगरांची माती आणीत असे. तीच माती शेतांत पसरून जमीन सुपीक करी आणि तीच माती धरणाच्या पोटात व पाटांत साचून पाण्याची वाट अडवी. शतकांच्या ओघात शेतांची पातळी कित्येक मीटर उंचावली. त्याप्रमाणे धरण व पाट पुनःपुन्हा उंच करावे लागले. ज्या देणगीने त्यांचे पोट भरत होते तिच्यातच त्यांची परीक्षा दडलेली होती. गाळ उपसला तर बाग, न उपसला तर विनाश.

वाचकहो, देणगीचे स्वरूप असेच असते. संपत्ती येते, तेव्हा तिच्यासोबत कंजूषपणाचा आणि अहंकाराचा गाळही येतो. विद्या येते, तेव्हा दुसऱ्याला तुच्छ लेखण्याची ओढ येते. संततीचे सुख येते, तेव्हा तिच्या मोहात न्याय विसरण्याचा धोका येतो. हा गाळ एका दिवसात दिसत नाही. तो थराथराने साचतो आणि बाग हिरवी असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

धरणाच्या डागडुजीचे शिलालेख उपलब्ध आहेत. इसवी सन 450 च्या सुमारास हिमयरी राजा शुरहबील याअफुर याने फुटलेले धरण बांधून काढल्याची नोंद आहे. त्यानंतर सुमारे 100 वर्षांनी पुन्हा एक नोंद सापडते आणि ती अबरहाची आहे. तोच अबरहा, ज्याच्या हत्तींच्या सैन्याचा वृत्तांत आपण सूरह फीलमध्ये वाचतो. धरण फुटल्याची वार्ता, कामासाठी टोळ्यांना बोलावणे, मध्येच आलेली रोगाची साथ, कामकऱ्यांना पुरविलेले पीठ, खजूर आणि मांसासाठीची जनावरे, हे सारे त्याने दगडावर कोरून ठेवले आहे. यावरून एक बोध स्पष्ट होतो. असे धरण एकट्या राजाने टिकत नाही. हजारो हात एकत्र यावे लागतात; वरच्या शेताच्या मालकाला खालच्या शेतासाठी घाम गाळावा लागतो. समाजात फूट पडली, प्रत्येकजण आपल्यापुरते पाहू लागला, की फुटलेला बांध सांधणारे कोणी उरत नाही. अबरहानंतर काही दशकांतच ते धरण कायमचे गेले. सुमधुर फळांच्या जागी कडू फळांची झुडपे, झाऊ आणि थोड्याशा बोरी उरल्या, असे कुरआनने सांगितले आहे. पाणी कोणाचे, त्याची निगा कोणाची, याचा विसर पडलेल्या भूमीचे हे चित्र आहे.

अंतर वाढावे, ही मागणी

बागांनंतर कुरआन रस्त्यांकडे वळते. सबापासून बरकत लाभलेल्या भूमीपर्यंत अल्लाहने एकमेकांपासून दृष्टिपथात असतील अशा वस्त्या वसविल्या होत्या, मुक्काम बेताच्या अंतरावर ठेवले होते आणि रात्र असो वा दिवस, प्रवास निर्भय होता. वाळवंटात याहून मोठी देणगी कोणती? गरीब माणूसही पाण्याची पखाल खांद्यावर घेऊन एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाऊ शकत होता.

तरीही त्या लोकांनी आपल्या पालनकर्त्याकडे जी मागणी केली, ती वाचून माणूस चकित होतो. आमच्या मुक्कामांमधील अंतर वाढव, अशी ती मागणी होती. सुख टोचू लागावे, असे काय घडले होते? बैदावी यांसारख्या भाष्यकारांनी याचे मर्म उलगडले आहे. रस्ता सोपा असल्यामुळे श्रीमंत आणि गरीब यांच्या प्रवासात भेद उरला नव्हता. अंतर वाढले, तर ज्यांच्याकडे चांगले उंट आणि मुबलक शिधा आहे, त्यांनाच प्रवास करता येईल आणि गरिबांपुढे मिरविता येईल.

माणसाच्या मनातील हा फार जुना रोग आहे. सर्वांना मिळालेली देणगी त्याला देणगी वाटतच नाही. शेजाऱ्याला न मिळालेली वस्तू मिळाली, तरच आपल्याला काही मिळाले असे त्याला वाटते. कृतघ्नतेचे खरे रूप येथे उघड होते. सबाचे लोक ‘आम्हाला काही मिळाले नाही’ असे म्हणाले नाहीत. त्यांची तक्रार अशी होती की, इतरांनाही मिळाले. ज्या अंतराची त्यांनी मागणी केली तेच त्यांच्या वाट्याला आले. त्यांची पार पांगापांग झाली. इतकी की, एखादा समूह दाही दिशांना विखुरला तर अरबी भाषेत त्याला सबाच्या लोकांची उपमा देतात.

मग खरे कारण कोणते?

येथे सुशिक्षित तरुण वाचकाच्या मनात एक शंका येईल आणि ती योग्यच आहे. इतिहासाची पुस्तके वेगळीच कारणे सांगतात. मोसमी वाऱ्यांचे गणित ग्रीक आणि रोमन नाविकांना उमगले आणि तांबड्या समुद्रातून जहाजे थेट भारताकडे येऊ लागली. मिसरमधील एकाच बंदरातून वर्षाला 120 जहाजे भारताकडे निघत, असे स्ट्रॅबोने लिहिले आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात अरबस्तानच्या बंदरांबरोबर आपल्या सोपारा आणि कल्याणचीही नावे येतात. आपण मराठीत ‘मोसम’ म्हणतो तो शब्दही अरबी ‘मौसिम’चाच. समुद्रमार्ग सुरू झाल्यावर खुष्कीच्या रस्त्याचे महत्त्व घटले, पुढे रोमन साम्राज्यात मूर्तींपुढे धूप जाळण्याची प्रथा मागे पडून मागणीही कमी झाली, राजवटी बदलल्या, हबशांची स्वारी झाली. मग सबाचा अस्त व्यापारामुळे झाला म्हणावे, की कृतघ्नतेमुळे?

एखादे घर कोसळले तर गवंडी सांगेल की, तुळईला वाळवी लागली होती. शेजारी सांगेल की, मालकाने दहा वर्षे तिकडे पाहिलेच नाही. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. पहिला घर कसे पडले ते सांगतो, दुसरा जबाबदार कोण ते सांगतो. कुरआन कारणांचा इन्कार करीत नाही; पूर आला आणि बांध वाहून गेला, असेच ते सांगते. अल्लाहची नियमबद्धता कारणांच्या साखळीतूनच प्रकट होते. कुरआनचा रोख दुसऱ्या प्रश्नावर आहे: या साखळीत माणसाच्या हाती काय होते आणि त्याचे त्याने काय केले?

वाऱ्याची दिशा सबाच्या हाती नव्हती. रोमची मागणी त्यांच्या हाती नव्हती. धरणाची निगा त्यांच्या हाती होती, पाण्याची वाटणी त्यांच्या हाती होती, गरीब प्रवाशाला रस्ता मोकळा ठेवणे त्यांच्या हाती होते. जाब याच गोष्टींचा विचारला जातो. आठव्या हिजरी शतकातील विचारवंत इब्ने खल्दून यांनी ‘मुकद्दमा’मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अन्याय वाढला की लोकांची कष्ट करण्याची उमेद मरते, उमेद मेली की बाजार ओस पडतात आणि बाजार ओस पडले की राज्य ढासळते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. नैतिक कारण आणि भौतिक कारण ही दोन वेगळी खाती नाहीत. पहिले दुसऱ्यातून वाट काढीत जाते.

इतरांचे अवशेष पाहताना

याच विचाराची एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याबाबत सावध राहणे फार जरुरीचे आहे. पूर, भूकंप, दुष्काळ दिसला की ‘ही त्यांच्या पापांची शिक्षा’ असा निवाडा देण्याची घाई काही जण करतात. असा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सबाबद्दल, आदबद्दल, समूदबद्दल आपण बोलतो ते वह्यने कळविले म्हणून. आजच्या संकटग्रस्तांबद्दल आपल्याकडे कोणतीही वह्य आलेली नाही. आपल्याकडे आला आहे तो त्यांच्या मदतीला धावण्याचा आदेश. स्वतः प्रेषितांवरही संकटे आली आणि हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपल्या कुटुंबाला वसविले ते शेतीविहीन खोऱ्यात. तंगी हा कोपाचा पुरावा नाही आणि सुबत्ता हा पसंतीचा पुरावा नाही. सूरह फज्रमध्ये माणसाच्या नेमक्या याच गैरसमजाचे खंडन केले आहे.

या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वर्तन आपल्यापुढे आहे. हिजरी सन 9 मध्ये तबूककडे जाताना सैन्य हिज्र येथे पोहोचले. हाच तो जुना व्यापारमार्ग आणि हीच ती समूदची भूमी. डोंगरांत कोरलेली जी शंभरांहून अधिक भव्य थडगी आज तेथे दिसतात, त्यांवरील लेख नंतरच्या नबाती लोकांचे आहेत. म्हणजे एका समूहानंतर दुसरा समूह त्याच खडकांपाशी आला, वैभव मिरवून गेला. तेथे प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की, या लोकांच्या वस्तीत शिरावयाचे तर रडत शिरावे. तेथील पाण्याने मळलेली कणीक उंटांना घालावयास लावली आणि स्वतः चेहरा झाकून त्वरेने पुढे गेले. त्या अवशेषांपुढे त्यांनी विजयाचा आनंद व्यक्त केला नाही. जे त्यांच्यावर आले ते आपल्यावर येऊ नये, हे भय त्यांनी सोबत्यांच्या मनात जागविले. अवशेष आरशासारखे पाहावयाचे असतात.

त्याच दोन देणग्या, दुसऱ्यांच्या हाती

सबाला दोन गोष्टी मिळाल्या होत्या: बागांतून अन्न आणि रस्त्यांवर निर्भयता. आता सूरह कुरैश आठवून पाहा. हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे तांडे नेणाऱ्या मक्केच्या व्यापाऱ्यांना कोणत्या दोन देणग्यांची आठवण करून दिली आहे? भुकेत अन्न आणि भयापासून सुरक्षितता. सबाचा अस्त होत असताना त्याच रस्त्यावर कुरैशचा उदय झाला आणि तीच प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे आली. त्यांच्यातील काहींनी परक्या यमनी व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडविले. आणि त्यांच्यातीलच काही सज्जनांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून पीडिताचा हक्क मिळवून देण्याची शपथ घेतली. ‘हिल्फुल फुजूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या करारात तरुण मुहम्मद (स.) सामील होते आणि प्रेषितत्वानंतरही त्यांनी त्या कराराचे स्मरण अभिमानाने केले.

सबाच्या विखुरलेल्या लोकांचे पुढे काय झाले? अरबांच्या वंशपरंपरेनुसार मआरिब सोडून निघालेल्या अज्द टोळीच्या शाखा दूरवर गेल्या आणि त्यांतीलच औस व खजरज यसरिबला स्थायिक झाले. हेच पुढे अन्सार झाले. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या मुहाजिरांना त्यांनी घरात घेतले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपल्या संपत्तीचा अर्धा वाटा देऊ केला, त्यांनी दुआ देऊन फक्त बाजाराचा रस्ता विचारला. ज्यांच्या पूर्वजांनी माणसामाणसांतील अंतर वाढविण्याची मागणी केली होती, त्यांच्या वंशजांनी ते अंतर मिटवून टाकले. कोणत्याही समूहाच्या कपाळी कृतघ्नता कायमची लिहिलेली नसते. तौबेचे दार उघडे असते.

आपल्या हाती असलेले धरण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेषित मुहम्मद (स.) रात्री इतका वेळ नमाजमध्ये उभे राहत की पायांना सूज येई. एवढे कष्ट कशासाठी, असे विचारले असता, मी कृतज्ञ दास होऊ नये काय, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या लेखी शुक्र हे पायांना सूज येईपर्यंत करावयाचे काम होते.

सबाच्या वृत्तांतातून या कामाची दोन अंगे समोर येतात. पहिले, देणगीची निगा. दुसरे, देणगीतील इतरांचा वाटा. ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा त्या कामाचा आरंभ आहे, समाप्ती नव्हे.

आपल्यापैकी कितीतरी घरांत सुबत्ता आखातातील नोकरीने आली आहे. म्हणजे त्याच अरबी भूमीतून, त्याच समुद्रावरून. त्या पैशातून घर उभे राहिले, हे चांगलेच झाले. पण जकात वेळेवर आणि हिशेबाने निघते काय? वडिलांच्या मागे बहिणीचा वाटा तिच्या हाती पडला, की ‘तिने सोडून दिला’ असे म्हणून मिटविण्यात आला? मुलीच्या लग्नात खर्चाची पातळी एवढी उंच नेऊन ठेवली, की शेजारच्या गरीब बापाला तेथवर पोहोचता येऊ नये, तर आपण मुक्कामांमधील अंतर वाढविण्याचीच मागणी करीत नाही काय? गावातील सामाईक विहीर, तलाव, मदरसा, वाचनालय यांत साचलेला गाळ काढण्याची पाळी आली, तेव्हा ‘हे काम कमिटीचे’ असे म्हणून आपण घरी बसलो, तर सबाच्या शेतकऱ्यात आणि आपल्यात फरक काय?

सबाच्या वृत्तांताच्या शेवटी कुरआन सांगते की, यात प्रत्येक संयमी आणि कृतज्ञ माणसासाठी निशाण्या आहेत. संयम आणि कृतज्ञता एकत्र का आली, हे आता उमजते. देणगीची निगा राखणे हे एका दिवसाचे काम नाही. दरवर्षी पूर येतो, दरवर्षी गाळ साचतो, दरवर्षी तो उपसावा लागतो. त्यासाठी धीर लागतो आणि सोबतीला शेजारी लागतात.

अल्लाह आपल्याला दिलेल्या देणग्या ओळखण्याची, त्यांची निगा राखण्याची आणि त्यांत इतरांना सामावून घेण्याची सद्बुद्धी देवो, आणि आपली गणना त्या थोड्या कृतज्ञ दासांत करो. आमीन.